नॅटच्या पोटावरचं झाकण

"पुन्हा उघडं आहे," रीता म्हणाली आणि ब्रश बाजूला ठेवून फरशीवरच बसली.

अंकुशनं वाकून पाहिलं. लाकडी विमानाच्या डाव्या पंखाखाली, पोटाच्या बाजूला, आगपेटीएवढं झाकण होतं. काल सकाळी त्यानं स्वतः ते गोंदानं चिकटवलं होतं, वरून दोरा बांधला होता. आता दोरा सोडून नीट गुंडाळून ठेवलेला होता आणि झाकण एका बाजूनं वर आलं होतं.

"तिसऱ्यांदा," अंकुशची धाकटी बहीण मोनिका म्हणाली. ती दहा वर्षांची. काहीही मोजायचं असलं की ते काम तिच्याकडे. "परवा, काल अन् आज."

"मांजर असन," अंकुश म्हणाला.

"मांजर दोरा गुंडाळून ठेवते काय रे?"

 मे अखेरचा नवतपा, सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता आणि लाखनीत बोलायलाही जिवावर येत होतं. हायवेवरचे ट्रकसुद्धा कंटाळून हॉर्न वाजवत होते.

रीता तेरा वर्षांची. सुट्टीत पवनीहून मामाकडे, म्हणजे अंकुश-मोनिकाच्या घरी आली होती. तिच्या घरी हातमाग होते, वडील सूत रंगवायचे, म्हणून विमान रंगवायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. विमान होतं शेजारच्या मधुकररावांचं. सगळे त्यांना आबाजी म्हणत. एकाहत्तरच्या लढाईत आबाजी विमानदलात फिटर होते. ज्या छोट्या 'नॅट' विमानाची देखभाल त्यांच्याकडे होती, तेच ते होळीपासून शिवणीच्या लाकडात कोरत होते. खऱ्या विमानाच्या एका फुटाला इथं एक इंच, असं माप धरलं होतं. नाकापासून शेपटापर्यंत एकोणतीस इंच.

पण त्यांचे डोळे आता साथ देत नव्हते. मग पॉलिश पेपर घासायला अंकुश, मापं घ्यायला मोनिका आणि हिरव्या-राखाडी रंगाचे पट्टे ओढायला रीता. वीस दिवस झाले, तिघांची बोटं सोलून निघाली होती. रविवारी गावात आबाजींचा सत्कार होता आणि विमान स्टेजवर ठेवायचं होतं. आज गुरुवार. राहिली होती फक्त एक लाल पट्टी. अर्धी झाकणावर, अर्धी विमानाच्या अंगावर.

"झाकण बरोबर बसलं की पट्टी एकसंध दिसते," आबाजींनी सांगितलं होतं. "जरा उघडं राहिलं की तुटते. दुरूनही समजते. खऱ्या विमानावर मीच काढली होती ती."

झाकणच बसत नाही तर पट्टी काढायची कुठं? रीता मनातून रडकुंडीला आली होती. तिनं पुन्हा गोंद लावला, पुन्हा दोरा बांधला.

"आज पहारा देऊ," ती म्हणाली. "दुपारी. तेव्हाच सारे झोपतात."

आबाजींच्या व्हरांड्यात, विमानाच्या टेबलाजवळच, धानाची पोती रचली होती. त्यांच्यामागे तिघं दाटीवाटीनं बसली. पोत्यांचा कोंडा मानेला चावत होता. कूलर घरघरत होता. अंकुशला दोनदा डुलकी लागली आणि दोन्ही वेळा मोनिकानं त्याला चिमटा काढला.

तिसऱ्या चिमट्याची वेळ आली आणि दार वाजलं. बनियन घातलेले आबाजी हळूहळू टेबलाजवळ आले. त्यांनी विमानावरून हात फिरवला. बोटांनी झाकण शोधलं, दोरा सोडला, गुंडाळून ठेवला. मग चाकूचं टोक फटीत घालून त्यांनी झाकण हलकेच वर उचललं.

"आबाजी, तुमी?" मोनिकाच्या तोंडून निघून गेलं.

आबाजी दचकले नाहीत. पोत्यांकडे पाहत ते खुर्चीत बसले, फार चालून आल्यासारखे.

"या बाहेर. कायले गरमीत मरून राहिले तिकडे?"

"आमी गोंद लावतो अन् तुमी काढता," रीता म्हणाली. तिचा आवाज चढला होता, तो तिनं खाली आणला. "काहून जी?"

आबाजींनी बराच वेळ चष्मा पुसला.

"डिसेंबरातली सकाळ होती," ते म्हणाले. "मी याच झाकणाचे स्क्रू पिळून राहिलो होतो, अन् भोंगा वाजला. पायलट साहेब धावत आले, आत बसले. मी कागदावर सही केली. विमान ठीक आहे म्हणून. विमान गेलं. मग आलंच नाही."

आबाजींनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"साहेबाच्या बुटाले लागलेला चिखल आठवते मले. सही केली तो पेन आठवते. पण झाकण पूरं बंद केलं होतं का नाही, ते नाही आठवत. किती रात्री आठवून पाहिलं. नाही आठवत."

"कोणी बोललं तुमाले?" अंकुशनं विचारलं.

"कोणाले वेळ होता? लढाई सुरू होती. कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं." त्यांनी झाकणावर बोट ठेवलं. "तर ते राहू द्या उघडं. खोटं विमान नाही बनवायचं मले. अन् रविवारी मी येत नाही. कशाचा सत्कार घेऊ?"

कौशल्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्या आबाजींच्या पत्नी. लागेल तेवढंच बोलणाऱ्या.

"त्या दिवसाचा फोटो होता ना," त्या म्हणाल्या.

आबाजी उठले आणि आत निघून गेले.

"कसला फोटो, आजी?"

"विमान निघालं तेव्हाचा. यांच्या दोस्तानं पाठवला होता. यांनी पाहिलाच नाही. पेटीच्या तळाशी उलटा ठेवला. हिंमतच नाही झाली. आता पाहतो म्हटलं तर डोळे नाही." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मागच्या पंधरवड्यात घनश्याम आला, जुना फोटो मागत. मी देऊन टाकला. वापस आला नाही."

घनश्यामभाऊ सत्कार समितीचे अध्यक्ष. चौकात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. फोटोत ती लाल पट्टी दिसली, तर झाकणाचं कळणार होतं. तिघं डोक्याला रुमाल बांधून निघाली. डांबर चपलांना चिकटत होतं.

"फोटो ना? आहे ना. सेफ आहे," घनश्यामभाऊ पंख्याखालून न हलता म्हणाले. "सत्कार होऊ द्या, मग शोधू."

"म्हणजे सापडत नाही काय?" मोनिकानं विचारलं.

"ए पोट्टे, घरी जा. ऊन लागन."

तिघं बाहेर आली. समोरच चौकात सत्काराचा फ्लेक्स लागला होता, चांगला दहा फुटी. त्यावर कुठल्या तरी परदेशी, अगदी नव्या कोऱ्या, अजस्र विमानाचं चित्र होतं. आबाजींचा चेहरा एका कोपऱ्यात, आधार कार्डावरचा. खाली समितीचे सात चेहरे हात जोडून.

"हे नॅट नाहीच," अंकुश म्हणाला. "हे आबाजींनी पाहिलंही नसन."

रीता मात्र फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहत होती. तिथं बारीक अक्षरात छापणाऱ्या दुकानाचं नाव होतं. म्हणजे फोटो तिथं गेला होता. पण मुलांना कोण दाखवणार? तिनं पुन्हा समितीचे चेहरे पाहिले आणि दमलेली असूनही तिला हसू आलं. ती परत दुकानात शिरली.

"काका, एक सांगू का? त्या फ्लेक्सवर विमानाचं चाक तुमच्या डोक्यावर आलं आहे."

"काय?"

"बाकी सगळ्यांचे चेहरे साफ दिसते. तुमचंच अर्धं डोकं चाकाखाली गेलं."

घनश्यामभाऊ इतक्या चपळाईनं उठले की पंखासुद्धा मागं पडला. उन्हात उभं राहून त्यांनी फ्लेक्स पाहिला. दोन दिवस तो लागलेला होता आणि त्यांनी तो आज पहिल्यांदाच नीट पाहिला असावा.

"आबाजींच्या फोटोतलं विमान लहान आहे," रीता शांतपणे म्हणाली. "ते टाकलं तर कोणाचं डोकं नाही जाणार. आमी सांगून येतो, तुमी फोन करा."

त्यांनी लगेच फोन लावला. "कैलाश, पोरं येऊन राहिले. त्याईले तो पुराना फोटो दाखव, अन् फ्लेक्स दुसरा काढ. आजच्या आज."

फ्लेक्सचं दुकान हायवेच्या कडेला होतं. कैलाश कॉम्प्युटरवर काम करणारा, कॉलेजातला मुलगा. त्यानं खण उघडला. लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखालून एक पिवळा पडलेला, वहीच्या पानाएवढा फोटो निघाला.

"मले म्हणाले, हे विमान छोटं दिसते, इंटरनेटवरून मोठं घे," कैलाश म्हणाला. "मी घेतलं."

त्यानं फोटो स्कॅनरवर ठेवला आणि लाइट गेली.

पाऊण तास तिघं दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. कोणी भांडलंही नाही. मोनिका ट्रक मोजत होती, एकशे चाळीसवर तिनं सोडून दिलं. रीताला वाटत होतं, झाकण उघडं दिसलं तर? तर आबाजींना काय सांगायचं? पायरी उतरून सरळ पवनीची बस धरावी, असं तिला एकदा खरंच वाटलं.

लाइट आली. पडद्यावर विमान आलं, डावी बाजू पुढं. कैलाश मोठं करत गेला.

"आत साहेब आहेत," अंकुश कुजबुजला. "वरची काच बंद आहे."

"अन् हा बाजूचा?" मोनिकानं विचारलं.

विमानापासून मागं सरणारा एक शिडशिडीत तरुण होता. विमानाच्या चाकाला लावायचे लाकडी ठोकळे त्याच्या दोन्ही हातांत होते. कान तेच होते, मोठे. आबाजी.

"पंखाखाली घ्या," रीता म्हणाली.

पडद्यावर करडे ठिपके झाले. मधून एक काळपट रेघ गेली होती. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल रंग तसाच दिसणार. रेघ सरळ होती की तुटकी, समोरून कळत नव्हतं. रीता उठली आणि पडद्याच्या कडेला डोळा लावून तिरकं पाहू लागली.

"काय करून राहिली?" अंकुशनं विचारलं.

"आमच्या घरी लुगड्याचा काठ असाच पाहतात. समोरून कळत नाही. रेघेच्या बाजूनं पाहिलं की धागा कुठं सरकला ते दिसते."

तिनं दोनदा पाहिलं. मग अंकुशला पाहायला लावलं, मग मोनिकाला. मग कैलाशही खुर्चीवरून उठला.

"कुठंच नाही सरकली," तो म्हणाला. "एक सरळ आहे."

आबाजींच्या डोळ्यांना हा फोटो कसा दिसणार? कैलाशनं फ्लेक्सच्या उरलेल्या तुकड्यावर तेवढाच भाग छापून दिला. चार हात लांब. पैसे विचारले तर म्हणाला, समितीच्या बिलात जाईल.

परत येईपर्यंत साडेपाच वाजले. तिघांनी फ्लेक्स व्हरांड्यात अंथरला. आबाजी यायला तयार नव्हते. कौशल्याबाईंनी त्यांचा हात धरला आणि आणलं. ते गुडघे टेकून बसले, चष्मा काढला, नाक फ्लेक्सला लागेल इतके वाकले आणि रेघेवरून बोट नेऊ लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"नंतर उघडलं असन," ते पुटपुटले.

"नंतर कोण उघडणार?" रीता म्हणाली. "काच बंद आहे. ठोकळे तुमच्या हातात आहेत, तुमी मागं सरून राहिले. विमान निघालं आहे, आबाजी. झाकण बंद आहे."

आबाजींनी पुन्हा बोट नेलं. आणि मग ते रडले. मोठ्या माणसाला असं रडताना मुलांनी कधी पाहिलं नव्हतं.

"मग साहेब काहून नाही आले?" मोनिकानं हळूच विचारलं.

"नाही मालूम, बेटा. लढाईत माणसं येत नाही. ते दुःख तर साऱ्यांचंच होतं. हे झाकणाचं एक माझ्याजवळ होतं." त्यांनी डोळे पुसले. "अंकुश, गोंद आण."

झाकण त्यांनी स्वतः बसवलं. दोरा नको म्हणाले. टेबलाशी खुर्ची ओढून, झाकणावर अंगठा दाबून बसले. मुलांना काही तरी सांगणार होते, "तुमी..." एवढंच म्हणाले आणि मान कलली. बसल्या बसल्या झोप लागली होती.

"उठवू नका," कौशल्याबाई म्हणाल्या. तिघांच्या डोक्यावरून त्यांनी एकेकदा हात फिरवला. "माह्या लग्नाले चव्वेचाळीस वर्षं झाली, पोरांनो. मी जे नाही करू शकली, ते तुमी एका दुपारात केलं."

रीतानं लाल रंगाची डबी उघडली होती. पट्टी काढायची होती, पण अंगठा मध्ये होता. तिनं डबीचं झाकण परत लावलं आणि भिंतीला टेकून बसली. अंकुश आणि मोनिका तिच्या दोन्ही बाजूंना बसली. कुणालाच घाई नव्हती.