चिकटपट्टीखालचा आवाज

थरवाचन सुरू झाल्यापासून पुसलेलं काही पुसलेलं राहिलं नव्हतं. लोक माळ्यावरच्या कॅसेटी पिशव्या भरभरून प्रयोगशाळेत आणत. फितीवर नवं रेकॉर्ड केलं की जुनं जातं, हा सगळ्यांचा भाबडा समज. फितीवरचे चुंबकीय कण मोठे हट्टी. बहुतेक नव्या आवाजाकडे वळतात, पण कडेचे काही जुन्यालाच धरून बसतात. ते हुडकून खालचा आवाज उभा करायचा, हेच थरवाचन.

वृषाली शिवलकरने वडिलांची कॅसेट दिली ती आईच्या, शैलजाबाईंच्या, वाढदिवसासाठी. वडील मस्कतला नोकरीला होते. तिकडची माणसं तेव्हा पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवत. वृषाली लहान असतानाच ते तिथे वारले. "त्यांना तिकडेच करमायचं," एवढंच आई सांगे, आणि वृषाली जन्मभर त्या माणसावर रुसून होती.

"वर भजनं आहेत," प्रयोगशाळेतली डॉ. ओवी गद्रे म्हणाली. "पण मागची खिट्टी मोडलेली दिसतेय. ती मोडली की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. म्हणजे बाबांना हे जपायचं होतं. नंतर कुणीतरी तिथल्या भोकावर चिकटपट्टी लावून वर भरलंय."

"चुकून झालं असेल हो. आईला त्यातलं काय कळतंय!"

सापडलेला आवाज ओवीने नव्या कॅसेटवर उतरवून दिला. घरी वृषालीने बाबांनीच पाठवलेला वॉकमन काढला. त्या पहिल्या यंत्रांतून रेकॉर्डिंगची सोय काढून टाकलेली, म्हणून तर ती एवढी छोटी. पण दोघांना मिळून ऐकता यावं म्हणून हेडफोनच्या पिनेसाठी दोन भोकं ठेवली होती. पुढच्या यंत्रांत एकच उरलं.

"कशाला उकरतेस गो?" शैलजाबाई मागे सरकल्या. तरी वृषालीने एक हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला, दुसरा आपल्या.

"शैला, गणपतीला कायमचा येत होतो. पण तू म्हणतेस घराचा स्लॅब पडेपर्यंत थांबा, तर थांबतो. छातीत दुखतं अधूनमधून, उन्हाचं असेल. ही कॅसेट पुसू नको. वृषू मोठी झाली की तिला ऐकव. सांग, बाबा येणार होता."

फीत संपली.

"चिकटपट्टी मीच लावली," शैलजाबाई म्हणाल्या. "ते गेल्याची तार आली त्याच आठवड्यात. शेजारच्या टेपरेकॉर्डरवर भजनं भरली. तू कधी ऐकशील, याची भीती वाटायची."

वृषालीने आपल्या हेडफोनची पिन उपटून काढली. चुकीच्या माणसावर रुसण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, आणि ते तिला सहन होत नव्हतं.

शैलजाबाईंच्या कानांवर हेडफोन तसाच होता. तो आवाज त्यांनीही तेव्हापासून ऐकला नव्हता. त्यांचे डोळे वाहत होते.

"फीत मागे घे गो," त्या म्हणाल्या. "परत एकदा लाव."

वृषालीने हात पुढे केला नाही.