उतरवलेल्या तारा

नेहमीचे दुरुस्तीवाले काका आजारी होते, म्हणून सकाळी तिने व्हायोलिन त्यांच्या पुतण्याच्या हाती सोपवलं. एक खुंटी सैल झाली होती, एवढंच. दुपारी ती परत आली तेव्हा तो बाहीवरचा भुसा झटकत हसत उभा होता. हसू छान होतं... नको नको म्हणत तिने तेवढं पाहून घेतलंच.

मग तिने तारा छेडल्या आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुम्ही... सूर लावलेत?"

"चारही तारा पार उतरल्या होत्या हो! म्हटलं, एवढं तर करून देऊ," तो ऐटीत म्हणाला.

"मी उतरवल्या होत्या! मुद्दाम! आता पुन्हा उतरवल्या तर लगेच सूर धरणार नाहीत, आणि संध्याकाळी माझा कार्यक्रम आहे!"

बिचाऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला.

तिचे आजोबा नावाजलेले संगीतकार. जन्मभर गोड चाली बांधल्या आणि उतारवयात व्हायोलिनसाठी भलतंच लिहू लागले. तारा ढिल्या, सगळं खर्जात, मध्येच लांबलचक शांतता. जाणकारांनी नाकं मुरडली. आजोबा गेले, तशा त्या रचनाही कपाटात गेल्या. आज नात त्या पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार होती. आजही लोक हसले, तर पुन्हा कोण विचारणार होतं?

"पण इतक्या ढिल्या कशाला?" त्याने चाचरत विचारलं.

ती स्टुलावर टेकली. "त्यांना उंच स्वर ऐकू येईनासे झाले होते. मी वाजवायचे आणि ते... नुसते माझ्या बोटांकडे बघत बसायचे. मग त्यांनी हे लिहिलं. लोक प्रयोग म्हणतात. त्यांना फक्त मला ऐकायचं होतं हो."

काकांचं स्वतःचं व्हायोलिन फळीवरून काढून त्याने तिच्यासमोर ठेवलं. "उतरवलेली तार वाजवताना सरकणारच. तुम्ही एक वाजवा, तोवर दुसरं मी पडद्यामागे तयार ठेवतो. फक्त कुठवर उतरवायचं ते सांगा."

"थोडं खाली... अजून. हात का थरथरतोय तुमचा?"

"तुम्ही रागाने बघताय म्हणून."

"आता कुठे रागाने बघतेय?"

"म्हणूनच तर –" तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

संध्याकाळी सभागृह अर्धंच भरलं. पहिल्या रचनेला कुणी खाकरलं, एक जोडपं उठून गेलं. व्हायोलिन बदलायला ती पडद्यामागे गेली, तर तो दुसऱ्या व्हायोलिनच्या लाकडाला कान लावून, डोळे मिटून तार जुळवत उभा. तिला एकदम धीर आला.

शेवटच्या रचनेतली ती लांब शांतता आली, आणि कुणी हललंसुद्धा नाही. टाळ्या बऱ्याच उशिराने पडल्या. पुढच्या रांगेतल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, "हे परत वाजव ना, बाळ."

तिने वाजवलं. मग डोळे पुसत ती त्याच्याकडे आली.

"कसे आभार मानू?"

"माझे? घोळ तर मीच घातला!"

"तो घातला नसतात, तर आजोबांचं मी कुणाला सांगितलंच नसतं. इतके दिवस एकटीच सांभाळत होते."

तो जरा घुटमळला. "मला तुम्ही आवडता... फार. आणि हे मला रोज ऐकायचंय. माझे कान जाईपर्यंत."

ती रडता रडता हसली.

"त्यानंतरही वाजवीन," ती म्हणाली.