कोळंबीतला तिसरा कप

गेशेने तिसरा कप भरला, तेव्हा हाउकेने हातातला पाव खाली ठेवला.

“आई, आपण दोघंच आहोत.”

“चमचा अजून बशीत आहे ना,” ती शांतपणे म्हणाली, “मग ओतायचा.”

फ्रिसियाच्या किनाऱ्यावरची रीतच तशी. खडीसाखरेवर कढत चहा, कडेने सायीचा एक थेंब, आणि पाहुणा आपला चमचा कपात उभा करीपर्यंत घरची बाई ओततच राहणार. समोरच्या बाकावर कुणी नव्हतं. पण त्या बाकापुढचा चमचा बशीतच पडून होता, आणि कप मात्र दर खेपेला रिकामा सापडत होता…

बाहेर गाड्यांचं वजन करणाऱ्या हार्मच्या भुईकाट्यापाशी धान्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि त्या रांगेत त्यांची ही एवढीशी फिरती घरगाडी, कोळंबी, वाऱ्याने हलत उभी होती. कोळंबीच ती, आत शिंक आली तर आधी खिडकी उघडावी लागे. पूर्वीची घरगाडी म्हणजे देवमासाच. तो इतका लांब होता, की पुढची चाकं गावात पोचून वाळलेली असत, तेव्हा मागची अजून गावाबाहेरच्या पावसात भिजत असत. त्या देवमाशात गेशेने नवऱ्याबरोबर, ओन्नोबरोबर, सगळा संसार केला होता, आणि त्यातच, मागच्या वसंतात, स्टिअरिंगवर हात ठेवून ओन्नो कायमचा निजला होता.

एवढं मोठं धूड मागे घ्यायचं तर एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने नारिंगी हातमोजे घालून मागे उभं राहायचं, खुणा करायच्या. कोवळा हाउके असाच मागे उभा असताना बांधावरून त्याचे जुने मास्तर चालले होते. त्याने त्यांना हात केला. ओन्नोला आरशात पाहून वाटलं, पोरगा ‘ये’ म्हणतोय… आणि देवमाशाचं शेपूट कालव्यात गेलं.

“तुझ्या हाताच्या भरवशावर मी पुन्हा वीतभरही मागे येणार नाही,” ओन्नो घरगाड्यांच्या सगळ्या तळासमोर म्हणाला होता. हाउके त्याच संध्याकाळी घर सोडून गेला. बापाच्या दफनाला आला, तोही दफनभूमीच्या भिंतीबाहेरच उभा राहिला. आईला एवढंच म्हणाला, “तुला हवं तिथं नेईन. पण त्या गाडीत पाय ठेवणार नाही.”

म्हणून गेशेने देवमासा विकला. शेजारणींना सांगितलं, एवढी गाडी पुसून पुसून कोपर धरतं गं. खरं कारण तिच्या हृदयाच्या तळाशी राहिलं. ओन्नो गेल्यानंतरही रोज सकाळी त्याच्या बाजूची गादी कोमट असे, आणि त्या एका उबेवर तिचा व्याकूळ जीव जगत होता. पोटच्या पोरासाठी तिने ती ऊबसुद्धा परक्याच्या हवाली केली.

देवमासा बांधामागे दिसेनासा झाला. डोळे पुसत ती कोळंबीत शिरली आणि गाडी सपाट उभी आहे की नाही ते पाहायला तिने टेबलावर पाणसळ ठेवली. बुडबुडा बाकापासून दूर सरकला. बाकाची बाजू दबली होती. चाकाखाली एक पाचर घातली, मग दुसरी. बाजू दबलेलीच. मग गेशेने कपाटातून तिसरा कप काढला.

“पुढे घ्या,” हार्मने आपल्या खोलीच्या खिडकीतून हाक मारली. हाउकेने गाडी काट्यावर चढवली. त्याच्या लायसनची मर्यादा साडेतीन टनांची. तपासणीत जास्त भरलं आणि लायसन गेलं, तर बेकरीच्या गाडीवरची नोकरीही गेली, पोटही गेलं. आईला जायचं होतं तिथं, उत्तरेला, निघण्याआधी काटा करायचाच होता.

हार्मने आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. “गेशेवहिनी, शिशाचे पाव भरलेत काय? एक चांगला पोसलेला बाप्या जास्त होतोय.”

“आई, सामान कमी करावं लागणार,” म्हणत हाउकेने कपाटं उघडली, आणि तो थिजला. एक स्वेटर. एक पातेलं. बाकी फळ्या मोकळ्या. “तुझ्या वस्तू कुठायत?”

“मला काय लागतं रे? वजन बसायला हवं ना.”

“पण मग हे वजन कसलं?”

गेशेने बाकाकडे एकदा डोळे भरून पाहिलं, शाल ओढली आणि ती दार उघडून काट्याबाहेर उतरली.

“आता बसलं,” हार्म म्हणाला. “पण वहिनी, जायचं तर तुम्हालाच होतं की.”

“दोघं जाऊ देत,” ती म्हणाली. “जन्मभर बापलेकांच्या मधे बसले मी, भावजी. आता एकमेकांशी बोलतील तरी…”

हाउकेने ते ऐकलं. हळूहळू त्याने मान वळवली. बाकाची गादी खोल दबलेली होती, आणि कपातून वाफ येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. कुणी फुंकर घालावी तशी.

पळण्याऐवजी तो बाकासमोर गुडघ्यांवर बसला.

“बाबा,” तो पुटपुटला, “तो हात तुम्हाला नव्हता. मास्तरांना होता. तुम्ही विचारलं नाहीत, आणि मीही हट्टाने सांगितलं नाही. तुमचं वजन काट्यावर बसावं म्हणून आईने स्वतःचं सगळं टाकलं, आता स्वतःलाही टाकतेय. ती नसेल तर मी ही गाडी हलवणार नाही. मग तुम्ही काय ते ठरवा.”

गादी सावकाश वर आली. दाराबाहेरची पायरी करकरली, एकदाच, जड पावलाखाली करकरावी तशी. गेशेच्या खांद्यावरची शाल कुणीतरी नीट केली, ती सरकलेली असताना ओन्नो करायचा तशी.

“अरेच्चा,” आतून हार्म म्हणाला, “आकडा खाली आला. वहिनी, तुम्ही चढा बरं. बसतंय सगळं.”

गेशे चढली. टेबलावर तिसरा कप होता. रिकामा. आणि चमचा त्यात उभा.

तिने तोंडाला पदर लावावा तशी शाल लावली आणि ती आवाज न करता रडली.

पुढे ट्रॅक्टर आडवा होता, आणि मागची रांग आता सरली होती. मागेच यायला हवं होतं. हाउकेने आरशात पाहिलं, आणि त्याचा हात गिअरवरच राहिला.

“आई… मागे कोण उभं आहे? नारिंगी हातमोजे आहेत.”

“काय खूण करतायत?”

“ये म्हणतायत.”

“मग ये,” गेशे म्हणाली.

आणि हाउके आला; दुसरीकडे कुठंही न बघता, त्या हातांच्या भरवशावर, सरळ मागे.