थवीच्या वस्तऱ्याचा उतार

विषय : कै. थवी यांचा वापरलेला वस्तरा धारेवर आणणेबाबत.

थायलंडातल्या फेचबुरीला विहारासमोर दोघा भावांचं केस कापायचं दुकान होतं. थोरला थवी डावखुरा, म्हणून त्याच्या वस्तऱ्याचा धारेलगतचा उतार एका अंगाला जास्त झिजलेला. उतारवयात त्याला भिक्षू व्हावंसं वाटलं. पावसाळ्यातल्या वर्षावासाआधी दीक्षा मिळावी म्हणून विहारात रीतसर अर्जही दिला. भिक्षू होणाऱ्याचे डोक्यावरचे केस आणि भुवया घरच्या माणसानं उतरवायच्या, अशी तिथली रीत. त्यानं आपला वस्तरा धाकट्या प्रयूनपुढे ठेवला.

"यानंच कर."

"दोन्ही उतार सारखे झाल्याशिवाय नाही, दादा. वर्षावास काय पळून जातोय?"

वर्षावास पळाला नाही, दरसाल वेळेवर आला. प्रयूनचा धारेचा दगड मात्र ओला झाला नाही. थवी विहारात गेल्यावर दुकानात भांडायचं कुणाशी, एवढीच तांत्रिक अडचण होती. शेवटी थवी तापानं गेला. केसांसकट.

दहन उरकल्यावर एका भर दुपारी प्रयून दगड भिजवून बसला. पातं आडवं टेकवून, त्याची जाड पाठ न उचलता, हलक्या हातानं फिरवत राहिला. पाणी काळवंडलं, ओल्या लोखंडाचा वास सुटला. दोन्ही उतार जुळले. त्यानं हात उचलला...

घासण्याचा आवाज थांबला नाही.

"फी..." तो पुटपुटला.

तिथे दादालाही 'फी' म्हणतात आणि भुतालाही. फरक काय तो सुराचा. शेजारची नूडलवाली चान मावशी ओगराळं घेऊन दारात आली.

"कुठला फी रे? सूर नीट लाव मेल्या, माझी गिऱ्हाइकं जेवतायत!"

"मावशी... मलाच कळेना."

रिकाम्या खुर्चीचं कातडं करकरत दबलं. मावशी ओगराळं घेऊन मागच्या पावली परतली.

प्रयूननं केस झेलायला कमळाचं पान मांडलं, तेही रीतीप्रमाणेच. खुर्चीवरच्या मोकळ्या हवेत वस्तरा टेकवला. पात्याला खुंटांची खरखर लागली.

"मान खाली घे, दादा... फार ताटकळवलं तुला."

पानावर पांढरे केस पडू लागले. मग आखूड, वाकडे. भुवयांचे.

पान घेऊन तो तसाच विहारात गेला.

"भंते, डोकं झालं. आता दादाचा अर्ज मंजूर करा."

मुख्य भिक्षूंनी पानावरचे केस पाहिले. "अरे, दीक्षा ज्याची त्यानं समोर येऊन मागायची असते. तीनदा. गेलेला माणूस कसा येणार?"

"येईल, भंते. थांबायची सवय मीच लावलीय त्याला."

अर्ज विहाराच्या कार्यालयात आहे. तो फेटाळलेला नाही. रिकाम्या दीक्षामंडपात मागणी आजवर दोनदा ऐकू आली. तिसरी व्हायची आहे. अर्ज प्रलंबित आहे.