बुरुल!

शहराचा कचरा ज्या डोंगरावर ओततात, त्याच्या पायथ्याच्या वस्तीत एक बंद पडलेलं बॉयलरघर होतं. सबीरबेक तिथे पोरांना कराटे शिकवायचा. आईबाप कचऱ्यातून बाटल्या आणि तांब्याच्या तारा वेचत असताना पोरं तेवढा वेळ तरी जळत्या कचऱ्याच्या धुराबाहेर असत. जपानी हुकूम त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून तो सरळ किरगिझमध्ये ओरडायचा. "वळा" म्हणायचं असलं की, "बुरुल!"

घोळ एवढाच, की त्याच्या सगळ्यात तयार मुलीचं नावच बुरुल. पहिली मुलगी झाली, की पुढच्या खेपेला नशीब वळावं, मुलगा व्हावा म्हणून ठेवतात हे नाव. नशीब काही वळलं नाही. पाठीवर केंजे आली. "बुरुल, लक्ष कुठंय?" असं सबीर ओरडला, की अख्खी रांग गर्रकन पाठ फिरवायची.

"आगाय, हिचं नाव तरी बदला, नाहीतर आमचं भोवऱ्यागत व्हायचं!" पोरं गुरुजींना चिडवत खिदळायची.

त्या हिवाळ्यात कोळशाच्या शेगडीचा धूर घरात कोंडला. एकाच पांघरुणात झोपलेल्या बहिणींपैकी केंजे तेवढी उठली.

काही दिवसांनी तिची आई साइराकान तिला घेऊन आली. "घरात नुसती भिंतीकडे बघत बसते, आगाय. पोरांत राहू दे जरा. पण चाळिसावा दिवस होईपर्यंत थोरलीचं नाव घेऊ नका. गेलेलं माणूस अजून घराभोवतीच असतं. हाक ऐकून वळेल."

"अहो, तो हुकूम आहे, हाक नाही."

"ते तिला कुठं कळतंय? ही एकच उरलीय माझी."

सबीरने शब्द दिला. पण इतक्या वर्षांची सवय. त्याच आठवड्यात जीभ घसरली. रांग वळली. केंजे तेवढी वळली नाही. तिने डाव्या हाताचा ठोसा मारला, खांद्यापासून मनगटापर्यंत सरळ. केंजे उजव्या हाताची होती. डावरी होती ती बुरुल.

"हे कुणी शिकवलं तुला?"

केंजे आपल्याच मुठीकडे बघत राहिली. "माहीत नाही, आगाय."

तिथेच त्याने थांबायला हवं होतं. पण ओश शहरातल्या स्पर्धेसाठी त्याने बुरुलवर रक्ताचं पाणी केलं होतं, आणि तो ठोसा त्याला पुन्हा दिसला होता. बहिणीचं बघून शिकली असेल, त्याने स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी त्याने ते नाव मुद्दाम घेतलं. मग रोज घेऊ लागला.

रोज थोडं थोडं येत गेलं. बुरुलचे अर्धवट राहिलेले डाव. घसा खाकरण्याची लकब. केंजे म्हणून हाक मारली, की ओ यायला उशीर होऊ लागला.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी साइराकान तिला न्यायला आली.

"केंजे, चल गं."

मुलगी हलली नाही.

"केंजे! ए बाई!"

साइराकानने मुलीकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिचे ओठ हलले.

"बुरुल?"

सवयीने रांग वळली. मुलगी धावत जाऊन आईच्या गळ्यात पडली.

सबीर पुढे झाला, तशी साइराकानने पोरीला शालीत लपेटलं. "काही बोलू नका, आगाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चाळिसाव्याच्या जेवणाला वस्ती जमली. मुल्लाने दुआसाठी हात वर केले आणि मयताचं नाव विचारलं.

साइराकान म्हणाली, "केंजे."