तीन मिनिटांचा दम

"जगातली सगळी मोठी राज्यं घाईमुळे बुडाली!" जुन्या टायरवर उभं राहून ढोलने जाहीर केलं, आणि उतरायची घाई करून तो थेट ग्रीसच्या डब्यात बसला.

टिकटिक हसली नाही. मावसभाऊ ग्रीसमध्ये बसलेला असताना न हसणं सोपं नसतं. पण आज तिच्या बाबांची नोकरी जाणार होती. दोन महिन्यांत त्यांच्या ट्रकचे दोन टर्बो, म्हणजे इंजिनात जोराने हवा भरणारे पंखे, जळले होते. घाट चढून आल्या आल्या ते इंजीन बंद करतात, असं यार्डाच्या व्यवस्थापकसाहेबांचं ठाम मत होतं. काढून टाकल्याचं पत्र आज मालकीणबाईंपुढे जायचं होतं.

"बाबा असं करणारच नाहीत!" ती म्हणाली. "धावत आलेल्या माणसाला आपण आधी दम खाऊ देतो ना? टर्बोचंही तसंच. तो लालबुंद तापलेला असतो. इंजीन चालू असेतोवर त्याला तेल मिळतं. एकदम बंद केलं, की आतलं तेल जळून कोळसा! म्हणून बाबा तीन मिनिटं इंजीन चालू ठेवतात."

"पण बाबा तर कागद द्यायला आत जातात," तिचा धाकटा भाऊ शेपूट म्हणाला. "मग बंद कोण करतं?"

तीच तर गंमत होती. बाबांना वाटे, गाडी धुणारा करतो. धुणाऱ्याला वाटे, ड्रायव्हर करतो. टिकटिकने काल आपल्या घड्याळावर मोजलं होतं. बाबा आत खिडकीपाशी सही करत होते आणि बाविसाव्या सेकंदाला इंजीन गप्प! ट्रकखालून पलीकडे फक्त दोन चकचकीत बूट दिसले होते. त्या यार्डात चकचकीत बूट एकाच माणसाचे होते.

"पण बुटांची साक्ष कोण मानणार?" शेपूट कुरकुरला.

टिकटिकने ढोलकडे नीट पाहिलं. "ढोल, उलटा फिर."

"का?"

"फिर म्हटलं ना!"

दुपारी ट्रक आला. बाबा हँडब्रेक ओढून आत गेले. टिकटिक केबिनमध्ये चढली, ढोलच्या चड्डीवरून बोटभर उचललेलं ग्रीस तिने किल्लीला फासलं आणि टायरांमागे येऊन बसली. अठरा... एकोणीस... इंजीन गप्प!

तासाभराने मालकीणबाईंनी पत्र हातात घेतलं. व्यवस्थापकसाहेब भिंतीवरच्या सूचनेला पाठ करून उभे होते आणि बाबा मान खाली घालून. टिकटिकला स्वतःच्या छातीतली टिकटिक ऐकू येत होती.

"साहेब, तुमच्या सहीशेजारी हा काळा अंगठा कुणाचा?" मालकीणबाईंनी विचारलं.

"किल्लीवर मी ग्रीस लावलं होतं," टिकटिक म्हणाली. "बाबा उतरल्यावर."

सगळ्यांनी बाबांचे हात पाहिले. स्वच्छ. मग साहेबांचे पाहिले. साहेबांचा उजवा कानही काळा होता.

"आवाजाने फोनवर काही ऐकूच येत नाही हो!" साहेब पुटपुटले.

"तुमच्या मागची सूचना वाचा. मोठ्याने."

"इंजीन तीन मिनिटे चालू ठेवून थंड केल्याशिवाय बंद करू नये," साहेबांनी वाचलं. "हुकुमावरून..."

"कुणाच्या?"

"माझ्याच."

मालकीणबाईंनी पत्र फाडलं. बाबांनी टिकटिकच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"शाब्बास पोरांनो! मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत," मालकीणबाई म्हणाल्या. "बोला, काय हवं?"

ढोल भिंतीला पाठ लावून उभा होता.

"थोडं रॉकेल आणि एक चिंधी मिळेल का? आईने मला अजून मागून पाहिलेलं नाही."