राखून ठेवलेली वाट

"पाण्याची गाडी हलल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही, शालन. वचन दे."

शालनला हे काम शिकवणाऱ्या दाभाडकर मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती. जन्मभर सालई जंक्शनच्या मालगाड्या हलवलेला तो माणूस जाताना ना मुलांबद्दल बोलला, ना घराबद्दल. शालन ठोंबरेनं त्यांच्या पायांना हात लावून हो म्हटलं, आणि तो तिचा नेम झाला. सोमवारचा उपास एखादे वेळी चुकला असेल, हा नेम कधी चुकला नाही. दुपारी डबा उघडण्याआधी ती बाभूळखेड्याला पाणी नेणारी मालगाडी पडद्यावर शोधायची, आराखडा हातानं बदलायच्या आपल्या हस्ताधिकारानं कोळशाची एक गाडी थांबवून तिला पुढे काढायची, ती सुटलेली पाहायची आणि मगच हात धुवायची.

आज डबा बंद होता. गाडी सालईच्या बाजूच्या रुळावर उभी होती आणि पडद्यावरची हस्ताधिकाराची कळ राखाडी होऊन पडली होती.

मध्यदेश मालवाहतूक मंडळाच्या नियोजनगृहात आजपासून शुद्ध चाचणी सुरू झाली होती. आठवडाभर कोणाही माणसानं आराखड्याला बोट लावायचं नाही, सगळं 'मुकादम' ठरवणार. मुकादम म्हणजे यंत्र. रूळ मोजके, इंजिनं मोजकी, मागण्या मात्र संपत नाहीत. यातून सगळ्यांचं मिळून कमीत कमी नुकसान होईल अशी वाट काढायची, हे कार्यसंशोधनाचं गणित तो क्षणाक्षणाला नव्यानं सोडवत असे. त्याचा गाभा शालननं आणि डॉ. कस्तुरे यांनी मिळून लिहिला होता. त्यामुळे रागवायलाही परकं कोणी नव्हतं.

कोळशाची एक गाडी पुढे गेली. तिच्यामागून दुसरी. पाण्याच्या गाडीचा निळा ठिपका जागचा हलला नाही.

फोन वाजला. बाभूळखेड्याच्या रुग्णालयातल्या रुक्साना सिस्टर होत्या. तिथला डायलिसिस विभाग त्या सांभाळत, आणि गावाच्या पाणी समितीचं सचिवपदही, कारण ते दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं.

"ताई, जेवल्या का?"

"नाही."

"मंग गाडी सुटली नाही." त्या हसल्या, पण ते हसू तिथंच विरलं. "गावाचं भागून जाईल हो. लोकायनं पिंपं भरून ठेवले आहेत, दोन दिवस कोणी कुरकुर करत नाही. पण माझ्या मशिनी पिंपावर चालत नाहीत. संध्याकाळच्या पाळीचे पेशंट येऊन बसले आहेत. त्यातल्या एका पोरीचं मागचं डायलिसिस अर्धंच झालं होतं. आज राहिलं तर तिच्या फुप्फुसात पाणी भरते. सांगा आता, नळाला थेंब नाही आन पोरगी आतून बुडून राहिली."

"बघते," शालन म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

कस्तुरे चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. "डबा उघडा, शालनताई. तुमच्या उपासानं रूळ मोकळे होत नाहीत."

"तिला वाट का मिळत नाही, कस्तुरे?"

"तातडीचं मोल कमी असेल."

"कमी नाही. शून्य आहे."

कस्तुरेंनी कप खाली ठेवला. "शून्य? पाण्याचं?"

तातडीचं मोल कोणी हातानं भरत नसे. ती कल्पना कस्तुरेंचीच, आणि तिचा त्यांना अभिमान होता. ते पडद्याकडे वाकून आधी स्वतःशीच बोलावं तसं बोलू लागले. "मुकादमाला पाणी कळत नाही, कोळसाही कळत नाही. तो घडलेलं पाहतो. गाडी अडली तेव्हा काय बिघडलं? तक्रार आली का? गिऱ्हाईक रेल्वे सोडून रस्त्यानं निघून गेलं का? जितकं बिघडलं तितकं मोल."

"आणि बाभूळखेड्याची गाडी?"

"ती अडलीच नाही कधी. मागे कुठंही टाका, दुपारी पुढेच निघालेली असते. मग तिच्यासाठी तो मोल कशाला..." बोलता बोलता त्यांची नजर टेबलावरच्या बंद डब्याकडे गेली.

शालननं मुकादमाला प्रश्न घातला : बाभूळखेड्याच्या गाडीला वाट कोण देणार?

उत्तर लगेच उमटलं. 'ठोंबरे. कोळशाच्या दोन गाड्यांमध्ये जागा राखली आहे. प्रतीक्षा चालू.'

इंजिन, डबे, चालक, तशीच तिची दुपार. मुकादमानं तिलाही साधन म्हणून हिशेबात धरलं होतं. ती रोज नेम पाळत गेली, आणि नेमाच्या दिवसागणिक ते गाव यंत्राच्या काळजीतून थोडं थोडं पुसलं गेलं.

"चाचणीचा हुकूम आपण माणसांना दिला," कस्तुरे हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही आज येणार नाही हे त्याला सांगून उपयोगच नाही. तो सांगितलेलं मानत नाही, घडलेलं मानतो. आपणच तसा घडवलाय त्याला."

त्यांनी गळ्यातली किल्ली काढून तिच्यासमोर ठेवली. "ही माझी, हिनं हस्ताधिकाराची कळ उघडते. चाचणी मोडली तर मंडळाशी मी बोलेन. काढा गाडी, आणि जेवा."

शालनचा हात किल्लीवर गेला. एक कळ दाबायची. गाडी सुटेल, संध्याकाळी ती पोरगी मोकळा श्वास घेईल, डबा उघडेल. तिच्या बोटांना ती हालचाल इतकी सवयीची होती की किल्ली जवळजवळ फिरलीच.

"आणि उद्या?" तिनं विचारलं.

"उद्याही किल्ली आहेच."

"दिवाळीला मी निवृत्त होतेय, कस्तुरे. नंतर?"

"तो काही दिवस जागा राखून तुमची वाट पाहील. गाडी अडत राहील. मग हळूहळू शिकेल."

"हळूहळू म्हणजे?"

"इतक्या वर्षांचं शिकलेलं पुसायचं. महिने लागतील."

"आणि त्या महिन्यांत डायलिसिसच्या खाटांवर कोण असेल?"

बाहेर कोळशाची आणखी एक गाडी धडधडत गेली आणि काचा थरथरल्या.

"लवकर शिकवायचा काही मार्ग?"

"एकच. गेलेलं गिऱ्हाईक. मंडळाच्या हट्टापायी त्याला आपण सगळ्यांत जड वजन दिलंय. गिऱ्हाईक रस्त्यानं गेलं की त्याच संध्याकाळी मोल उसळतं आणि गेलेल्याला परत आणायला मुकादम धावतो. पण त्यासाठी गावानं गाडी नाकारायला हवी. ते कशाला नाकारतील?"

"ज्यांना दुसरा मार्ग नाही ते नाकारत नाहीत," शालन म्हणाली. "म्हणूनच त्यांचं मोल शून्य राहतं." आणि तिनं फोन उचलला.

"सिस्टर, समितीतर्फे पाण्याच्या गाडीची नोंदणी रद्द करा. कारण लिहा, पाणी रस्त्यानं आणतोय."

"ताई, उपासानं चक्कर तं नाही ना आली? तहानलेल्यानं पाणी वापस पाठवायचं?"

"तुमच्या टाकीपुरता टँकर संध्याकाळच्या आत येईल. गावानं दोन दिवस पिंपांवर काढायचे. गिऱ्हाईक गेलेलं दिसलं की आमचा मुकादम, ते यंत्र, तुमच्या गाडीला स्वतःच वाट द्यायला शिकेल."

"आन तुमचा मुकादम शिकलाच नाही तं? गाव मले विहिरीत ढकलन. विहीर कोरडी आहे, लागन किती!"

"नाही शिकला तर रोज टँकर घेऊन मी येईन."

"शब्द?"

"शब्द."

थोड्या वेळानं पडद्याच्या कोपऱ्यात ओळ उमटली : 'बाभूळखेडा. गिऱ्हाईक गेले.' त्याखालची जागा मात्र अजून तिच्या नावानं राखलेलीच होती. कस्तुरे तिकडे बोट दाखवत म्हणाले, "अजून वाट पाहतोय तुमची."

तिनं किल्ली त्यांच्याकडे सरकवली. "पाहू दे. आज मी आले नाही, हे त्याला दिसायला हवं."

जंक्शनच्या आवारात पिण्याच्या पाण्याचे दोन टँकर नेहमी भरलेले असत. एकाचा चालक तिच्या ओळखीचा होता. त्याच्याकडे जाताना बाजूच्या रुळाजवळून जावं लागे. उभ्या गाडीच्या डब्याला तिनं हात लावला. आतल्या पाण्यानं पत्रा भर उन्हातही गार होता. इतक्या वर्षांत तिला उभी सोडून ती पहिल्यांदाच जात होती. मनातल्या मनात तिनं मास्तरांची क्षमा मागितली आणि मागे न पाहता पुढे गेली.

"कुठं, बाई?" चालकानं विचारलं.

"बाभूळखेडा. रुग्णालयात."

"जेवण झालं तुमचं?"

"तिथं पोचल्यावर," ती म्हणाली, आणि डबा मांडीवर ठेवून त्याच्या शेजारी बसली.